सयाजीनानांची मानाची फेरी

वारूळवाडीच्या सयाजीनानांना रस्त्यात खडा दिसला की तो उचलल्याशिवाय पुढे जाता येत नसे. वरातीत चालताना ते वाकायचे, मयतीला जातानाही वाकायचे. एकदा नारायणगावच्या स्टँडवर असाच एक खडा उचलून बाजूला ठेवेपर्यंत भरलेली जीप सुरू झाली, तर जीपवाल्याने वर यांनाच सुनावलं, "नाना, जीपमदी खडं नसत्यात, बसा की आत!" पण नानांचा हा नाद उगीच नव्हता. जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीचे घाट गावोगाव आहेत. घाट म्हणजे डोंगराच्या अंगाला चढत जाणारी सरळ, मोकळी पट्टी. बैल खालून वर सुटतात आणि दहा-बारा सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. त्या दहा-बारा सेकंदांसाठी नाना आठ-आठ दिवस राबायचे. खळग्यांत मुरूम भरायचे, पाणी मारायचे, रोलर फिरवायचे आणि शेवटच्या दिवशी अनवाणी चालून एकेक खडा वेचायचे. डोळ्याला चुकलेला खडा पायाला बरोबर सापडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी केलेल्या घाटात बैल ठेचकाळला, असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. यात्रा ठरली की गावोगावचे पंच आधी मंडपवाल्याला फोन करत आणि मग नानांना.

अशा या खमक्या माणसाची एक गोष्ट मात्र पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हती. वयाच्या बासष्टाव्या वर्षीही नानांना सायकल येत नव्हती.

आता यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. नाना बारा वर्षांचे असताना तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकायला निघाले होते. वार शनिवार, बाजाराचा दिवस. उतार लागला, ब्रेक कुठे असतो हे आठवेना, आणि नाना थेट कासाराच्या पालात. हिरव्या बांगड्यांचा नुसता खच पडला. कासाराने दिलेल्या शिव्या त्यांच्या लक्षातही राहिल्या नाहीत, पण सगळा बाजार हसला ते राहिलं. त्यानंतर नानांनी सायकलवर टांग टाकली नाही.

पुढे लग्न झालं. मुलगी अवसरी बुद्रुकची, अंजना. तिचे वडील पोस्टमन. त्यांनी लग्नात नवी कोरी सायकल दिली. मांडवात सगळ्यांनी आग्रह धरला, जावईबापू, बसून तरी दाखवा! नानांनी मुंडावळ्यांचं कारण सांगितलं. मुंडावळ्या सुटल्या, पण कारणं सुटली नाहीत. डेअरीत दूध घालायला नाना रोज सकाळी त्याच सायकलीच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून निघत आणि सायकल हाताने ढकलत दीड मैल चालत जात. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दूध हिंदकळलं की फॅट कमी लागती." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की शेजारच्या दादाभाऊंनीही आठ दिवस आपली सायकल हातात धरून नेऊन पाहिली. नानांनी मात्र अकरा वर्षं नेली. नंतर घरोघर मोटारसायकली आल्या. नाना मागच्या सीटवर बसायचे आणि चालवणाऱ्याला रस्त्यातले खळगे दाखवायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आरती त्यांच्या दारात आली. आरती नारायणगावची, तिशीतली मुलगी. पुण्यात नोकरी करता करता तिला डोंगरात सायकल चालवायचा छंद लागला होता. वारूळवाडीच्या वरच्या अंगाला तिच्या घरच्यांचा बारा एकर माळ पडून होता. लवणाचा माळ म्हणत त्याला. कुसळं आणि करवंदीच्या जाळ्या, बाकी काही नाही. तिथे तिला सायकलच्या वाटा करायच्या होत्या.

"म्हंजी शर्यतीसाठी?" नानांनी विचारलं.

"शर्यत नाही नाना. नुसतं चालवायला. तीन वाटा करायच्या. हिरवी सगळ्यांत सोपी, लहान पोरं, म्हातारी माणसं, पहिल्यांदा बसणारे, सगळ्यांसाठी. निळी जरा चढाची. आणि लाल पक्क्या गड्यांसाठी. सायकली आपल्याकडेच भाड्याने मिळतील, शिकवणारे असतील. ज्याला जे जमेल त्यानं ते चालवावं. मला माती कळणारा माणूस पाहिजे."

माती कळणारा माणूस म्हटल्यावर नाना विरघळले. यात्रांचा हंगाम सुरू व्हायला दोन महिने होते, हातही मोकळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फावडं घेऊन माळावर हजर.

हिरवी वाट त्यांनी अशी केली की बघत राहावी. दोन हात रुंद, खडा नाही, खळगा नाही, पाणी निघून जायला जागोजाग आडव्या चऱ्या. आरतीबरोबर ऋतिक नावाचा सायकल मिस्त्री होता, तो त्या वाटेवरून फिरून आला आणि म्हणाला, "नाना, इथं झोप लागंल राव सायकलवर." नानांनी ती शाबासकी समजून घेतली.

वाट तपासायला आरतीने मंचरहून वैजयंतीला बोलावलं. वैजयंतीचं मंचरला झेरॉक्सचं दुकान. लहानपणच्या आजाराने तिच्या दोन्ही पायांत जोर नव्हता. तिची गाडी वेगळी, तीन चाकांची, पायाने नाही तर हाताने पायडल मारायची. ती हिरव्या वाटेने निघाली आणि तिसऱ्या वळणावर थांबून तिने हाक मारली.

"नाना, ह्या वळणाला ढाळ बाहेरच्या अंगाला काढलाय तुमी."

"पाणी जायला नगं का?"

"पाण्याबरोबर मी पण जाईन ना! वळणाला ढाळ आतल्या अंगाला पायजे, गाडी वाटेला धरून राहती. तुमचा घाट सरळ असतो, त्याला वळण न्हाई, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नसंल. पण तुमी एकदा चालवून बघितली असती तर लगेच कळलं असतं."

नाना "बरं बरं" म्हणाले आणि मान खाली घालून फावडं मारू लागले. चार दिवस खपून त्यांनी पाचही वळणं नव्याने बांधली, आणखी हातभर रुंद केली. पण 'चालवून बघितली असती तर' हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

आणि मग भरतशेठ आले. भरतशेठ म्हणजे यात्रा कमिटीतलं मोठं प्रस्थ, स्वतःचे चार बैल, आवाज असा की घाटात माइक नसला तरी चालेल. सायकल-केंद्राच्या उद्घाटनाचं ठरवायला सगळे माळावरच्या शेडमध्ये बसले होते, तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडं यात्रेत पहिला गाडा मानाचा पळतो. मग इथं बी पहिली फेरी मानाची पायजे. अन् मान कुणाचा? आजपत्तुर नानांनी घाट करायचे अन् मिरवायचं आमी. ह्या टायमाला मान नानांचा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांत नानांना घाटाच्या कडेला नारळ मिळाला होता, टोपी मिळाली होती, पण मानाच्या गाड्याच्या जवळ कुणी उभं केलं नव्हतं. हा मान त्यांना हवा होता, मनापासून हवा होता. आणि तो नेमका सायकलवर बसून आला होता.

"अन् फेरी लाल वाटंनं!" भरतशेठ पुढे म्हणाले. "पोराटोरांच्या वाटंनं मान दिला तर लोक काय म्हणतील?"

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. लाल वाट त्यांनी पाहिली होती. आरती आणि ऋतिक तीन आठवडे पहारी घेऊन तिच्यावर खपले होते, आणि नाना केवळ मुरूम पुरवायला तिकडे जायचे. त्या वाटेवर दगड होते. होते म्हणजे मुद्दाम आणून रोवलेले होते. गुडघाभर धोंडे, मध्ये फटी, एका जागी तर कंबरेएवढी सरळ उडी. उद्घाटनाला राहिले होते बावीस दिवस.

त्यानंतरच्या सोमवारी आरती आणि ऋतिक सायकलींचं सामान आणायला दोन दिवस पुण्याला गेले. माळावर नाना एकटेच उरले. ते लाल वाटेच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिले. इथून आपण कसं जायचं? आपण तर आपण, पण कुठलाही शहाणा माणूस कसा जाईल? आणि समोर दिसत होते ते दगड. तीस वर्षांच्या सवयीचा हात हो तो, किती वेळ धीर धरणार? पहिला दगड त्यांनी उचलला तेव्हा फक्त एकच उचलायचा, असं ठरवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी लाल वाटेवर दगड म्हणून उरला नव्हता. फटी बुजल्या, कंबरेएवढ्या उडीचा उतार झाला, पाणी मारून रोलर फिरला. काढलेले दगड त्यांनी कडेने ओळीत मांडून ठेवले. नाना अनवाणी पायांनी शेवटपर्यंत चालून आले आणि समाधानाने घरी गेले.

बुधवारी सकाळी आरती माळावर आली. आधी तिला वाटलं आपण रस्ता चुकलो.

"नाना, लाल वाट कुठंय?"

"ही काय. एक खडा ठिवला न्हाई बघ!"

आरती मटकन खाली बसली. ऋतिकला हसू आवरेना म्हणून तो शेडच्या मागे गेला.

"नाना, यातला एकेक दगड मी दहादा फिरवून बसवला होता. तो दगड म्हणजेच ती वाट होती हो!"

"आगं पण माणूस पडंल तिथं."

"पडेल ना. पडायची तयारी असलेलेच त्या वाटेनं जातील. ज्याला पडायचं नाही त्याच्यासाठी तुम्ही हिरवी केलीय, तिला मी बोट लावलं का? सगळ्या वाटा सारख्याच केल्या तर मग तीन कशाला पाहिजेत? खरं सांगा, का काढलेत दगड?"

"सवय," नाना म्हणाले. हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं बोलताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला.

आरतीचा संताप झाला होता. "मग आता चार दिवस घरी थांबा," ती म्हणाली. "मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही."

नाना फावडं खांद्यावर टाकून उतरले. पहिली गोष्ट मनात आली ती खरं सांगायची तर आनंदाची होती, की चला, फेरी टळली. पण अर्ध्या वाटेवर आल्यावर त्यांना वाईट वाटायला लागलं, आणि नारायणगावच्या चौकात आल्यावर त्यांना घामच फुटला. चौकात भरतशेठनी फ्लेक्स लावला होता. वरच्या अंगाला भरतशेठचा मोठा फोटो होताच, पण मधोमध सयाजीनाना सायकलवर बसून हवेत उडी मारत होते. तोंड नानांचं, धड कुणा परदेशी गड्याचं. खाली लिहिलं होतं, 'मानाची पहिली फेरी'. दोन पोरींनी नानांना ओळखून त्यांच्याबरोबर फोटोही काढला.

घरी अंजनाबाई भाकरी थापत होत्या. नानांनी कोपऱ्यात फावडं टेकवलं आणि ते भिंतीला टेकून बसले.

"फ्लेक्स बघितला मी," अंजनाबाई म्हणाल्या. "अंग दुसऱ्याचं दिसतंय."

नाना पायाची माती झाडू लागले.

"आवो, आता किती दिवस? तुमाला सायकल येत न्हाई, हे मला लग्नाच्या आठव्या दिवशी कळलं व्हतं."

नानांनी मान वर केली. "कसं?"

"सायकल येणारा माणूस सायकल हातात धरून चालला, तर एकदा तरी पायडलवर पाय ठिवून घसरत जातो. उतार आला की ऱ्हावतच न्हाई त्याला. तुमी कधी गेला न्हाईत." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "उद्या आरतीला जाऊन खरं सांगा. अन् जेवणं झाली की माळावर जाऊ. मी शिकविते."

अडतीस वर्षं जे आपण लपवलं असं नाना समजत होते, ते या बाईने अडतीस वर्षं झाकून धरलं होतं. त्यांना हसावं की रडावं कळेना. त्या रात्री त्यांना बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली एवढं मात्र खरं.

सकाळी नानांनी आरतीला सांगून टाकलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "नाना, मग फेरी हिरव्या वाटेनं," ती म्हणाली. "भरतशेठना मी बघते. आणि ह्या माळावर पहिलं शिकायचं कुणी, तर ज्यानं वाट केली त्यानं." तिने एक बुटकी सायकल काढली, सीट इतकी खाली केली की नानांचे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, आणि ऋतिकने तिची पायडलं काढून टाकली. "आधी नुसतं ढकलत बसा."

पहिले चार दिवस नाना सकाळी दगड बसवायचे आणि दुपारी सायकल ढकलायचे. दगड त्यांनी काढले त्याच क्रमाने ओळीत ठेवले होते, त्यामुळे कुठला कुठे होता हे त्यांना पाठ होतं. तरी एकेक रोवताना त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "घ्या, आता माणसं पाडा," असं दगडाला म्हणत ते पहार मारायचे. पण बसवले असे पक्के की आरती म्हणाली, माझ्यापेक्षा बरे बसलेत.

दुपारी माळावर चिटपाखरू नसायचं. जेवून सगळे कलंडले की अंजनाबाई पदर खोचून यायच्या आणि कॅरिअर धरायच्या. नाना पहिल्या दिवशी सहा वेळा पडले, दुसऱ्या दिवशी नऊ वेळा.

"पुढं बघा, चाकाकडं काय बघताय?"

"खडा हाय का बघतोय."

"तुमीच येचलेत ना सगळे? मग आता स्वतःच्या कामावर इश्वास ठिवा की!"

सातव्या दिवशी पायडलं लागली. नाना दोन हात गेले आणि करवंदीत बसले. काटे काढता काढता ते चिडून म्हणाले, "बोलाया काय जातंय. तूच दाखव चालवून!"

अंजनाबाईंनी एकदा इकडेतिकडे बघितलं. पदर आणखी घट्ट खोचला, लुगड्याचा काठ वर घेतला, एक पाय पायडलवर ठेवला, दुसऱ्याने दोनदा जमीन रेटली आणि त्या सीटवर होत्या. बघता बघता पहिल्या वळणाआड गेल्या. नाना काटे काढायचं विसरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्या दुसऱ्या बाजूने परत आल्या. चेहरा लाल, केस सुटलेले, आणि नानांनी आजवर न पाहिलेलं हसू तोंडावर. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण खाली उतरली तेव्हा नानांना ती ओळखू येईना.

"तू कुठं शिकलीस?"

"अवसरीला. बापाची पोस्टाची पिशवी उतरली की सायकल माझीच असायची. मंचरला शिवणक्लासला सायकलवरच जायची मी. हात सोडून बी चालवायची." त्या धापा टाकत बोलत होत्या. "लग्नात बापानं सायकल दिली ती मलाच दिली व्हती. जावयाला दिली म्हणायची रीत असती, म्हणून म्हणला."

"मग इतक्या वर्षांत एकदा बी बसली का न्हाईस?"

अंजनाबाईंनी सायकल करवंदीच्या जाळीला टेकवली. "नवऱ्याला येत न्हाई अन् बायको चालविती, मग गावाला काय, चघळायला इषयच. तुमचं झाकून ऱ्हावं म्हणून मी माझं बी झाकलं." मग त्या म्हणाल्या, "अन् घरात सायकल एकच व्हती. ती तुमच्या हातात व्हती."

त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या. नाना खाली बसले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपल्या भीतीने आपलंच काय ते नुकसान केलं, दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही. रोज सकाळी ही बाई दारात उभी राहून स्वतःची सायकल दीड मैल पायी निघालेली बघत होती, अकरा वर्षं. नानांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. अंजनाबाईंनीच त्यांना हात धरून उठवलं आणि म्हणाल्या, "चला, ऊन उतरायच्या आत अजून एकदा."

उद्घाटनाच्या आदल्या दिवसापर्यंत नानांना सरळ जाता येत होतं. ब्रेक दाबता येत होता. उजवं वळण जमत होतं, डावं जमायचं तर अंजनाबाईंना वळणावर उभं राहून ओरडावं लागायचं.

रविवारी माळ फुलून गेला. पुण्याहून गाड्यांवर सायकली बांधून आलेली मंडळी, बैलगाडेवाले, शाळेची पोरं, लेझीम. वैजयंती आपल्या तीन चाकांवर सगळ्यांत पुढे होती. भरतशेठनी माइक घेतला आणि घाटातल्यासारखी आरोळी ठोकली, "या मंडळी या! मानाची पहिली फेरी! मानकरी सयाजीनाना वारूळवाडीकर!" हिरव्या वाटेचं आरतीने त्यांच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं, पण आवाजात त्यांनी काही कमी केलं नव्हतं.

नाना पुढे आले आणि त्यांनी माइक मागितला. हे ठरलेलं नव्हतं.

"फ्लेक्सवरचं अंग माझं न्हाई," ते म्हणाले. लोक हसले. "मला सायकल येत न्हाई. म्हंजी तीन आठवड्यांमागं अजिबात येत नव्हती. आता पडत-झडत येती. दुधाचं अन् फॅटचं मी खोटं सांगत व्हतो."

"आरं नाना!" गर्दीतून दादाभाऊ ओरडले. "तुझ्या नादानं मी आठ दिवस पायी गेलो की रं!"

आता माळ असा हसला की लेझीमवाली पोरंही थांबली. नाना हसू ओसरेपर्यंत उभे राहिले. त्यांचे कान तापले होते, पण पाय जागचे हलले नाहीत.

"ह्या मानाची फेरी माझी न्हाई. जिनं मला शिकवलं तिची हाय. तिला माझ्या आधीपास्नं येतीया, अन् माझ्यापायी तिनं अडतीस वर्षं चालवली न्हाई. ती पुढं जाईल."

"कोण? नाव घ्या, नाव घ्या!" बायकांनी गलका केला.

नानांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या पिढीत कुणीच मारत नसे. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, "अंजना."

अंजनाबाई बायकांच्या घोळक्यात होत्या. "कायतरीच बाई," त्या पुटपुटल्या, पण आरती सायकल घेऊन समोर उभी होती. त्यांनी हँडल धरलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "माझी एक अट हाय. मागनं तुमी यायचं. लोकांनी तुमाला बघाया पायजे."

"येतो."

अंजनाबाई निघाल्या. टाळ्या, शिट्ट्या, भरतशेठची आरोळी. त्यांच्या मागे वीस-पंचवीस हातांच्या अंतरावर सयाजीनाना, हँडल घट्ट आवळून, डुगडुगत. पहिलं वळण उजवं, ते गेलं. दुसऱ्या, डाव्या वळणावर ते कडेला गेले आणि आडवे झाले. माती झाडून उठले, पुन्हा बसले. लोक वाटेच्या कडेने त्यांच्याबरोबर धावत होते, पण वाट करवंदीत शिरली तसे मागे राहिले.

पुढे दुबेळकं होतं, वाटेला दोन फाटे फुटत. हिरवी वाट तिथून डावीकडे वळून खाली परत यायची आणि निळी सरळ वर टेकाडावर चढायची. ठरलं असं होतं की अंजनाबाईंनी तिथे थांबायचं आणि डाव्या वळणाला नानांना ओरडून सांगायचं. त्या थांबल्याही होत्या. एक पाय जमिनीवर टेकलेला, तोंड निळ्या वाटेकडे. नाना येताना दिसले तशा त्या वळून म्हणाल्या, "येता न्हवं नीट?"

"येतो."

"मग मी जरा वरनं जाऊन येऊ?"

नानांच्या तोंडात 'थांब' आलं होतं. हे वळण डावं होतं, सगळ्यांत अवघड, आणि तिच्या आवाजाशिवाय ते त्यांना एकदाही जमलं नव्हतं. त्यांनी तो शब्द गिळला.

"जा," ते म्हणाले. "सावकाश ये. घाई न्हाई कसली."

अंजनाबाईंनी पायडलावर जोर दिला आणि त्या चढाला लागल्या. एकदाही मागे बघितलं नाही. नानांनी पुढे नजर ठेवली, हँडल डावीकडे घेतलं, सायकल कलली, आता जाते असं वाटलं, आणि वळण मागे पडलं.

खाली माळावर सगळे वाट बघत होते. करवंदीतून आधी एक टोपी दिसली, मग नाना. एकटेच.

"नाना, अंजनाकाकू कुठायत?" आरती घाबरून ओरडली.

"निळ्या वाटंनं गेलीया!" नाना तिथूनच ओरडले. "येईल तिच्या सवडीनं!"

ऋतिक सायकल धरायला पुढे झाला. भरतशेठ हार घेऊन आडवे आले. ब्रेक कसा दाबायचा हे नानांना आता चांगलं येत होतं. पण त्यांनी दाबला नाही. ते हाराच्या बाजूने निघून गेले, आणि वळणाआड दिसेनासे होईपर्यंत लोकांना त्यांची पाठ दिसत होती. ते दुसऱ्या फेरीला निघाले होते.